भावाची ओवी

जोंधळ्याचं पीठ, जात्याभोती पडं गोरं,
भावाला वाढाया, काढिते ताट कोरं.

हा आवाज मायचा. पहाटेच्या गारव्यात जात्याच्या घरघरीवर तरंगत आलेला, पाण्यावर दिवा सोडावा तसा. मनकर्णा आता दोन लेकरांची आई झाली होती. पाथरीकडच्या तिच्या सासरी पिठाची गिरणी येऊनही बरीच सालं लोटली होती. पण तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. कापूस वेचताना, धुणं आपटताना, लेकराला थापटताना तो आपसूक यायचा, आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी यायचं. माजघरातला काळोख. घोंगड्याचा लोकरी वास. आणि पाहुणा म्हणून आलेला, मायचा लाडका भाऊ बन्सीधर. तिचा बन्सीमामा.

तिथं आली की मनकर्णा आठवणीला हातानंच मागं सारायची. चुलीतलं लाकूड ओढायची, नाहीतर लेकराला उगीच हाक मारायची. एक गोष्ट मात्र तिनं मनात घट्ट धरून ठेवली होती. जात्याचा आवाज मोठा असतो. त्याच्यापाशी बसलेल्या बाईला आतलं काही ऐकू येत नाही. मायला ऐकू गेलं नाही, म्हणून माय आली नाही. घर मेढीवर उभं राहावं तशी मनकर्णा या एका गोष्टीवर उभी होती.

बन्सीधरला बायनाबाईनं, म्हणजे मनकर्णाच्या मायनं, कडेवर वागवलं होतं. त्यांची आई लवकर गेली, भाऊ बहिणीच्याच हाताखाली वाढला. पुढं तो पूर्णेला रेल्वेत लागला. बायनाबाईचा नवरा मेला आणि दीर तिला घराबाहेर काढायला निघाले, तेव्हा हाच भाऊ गंगाखेडच्या गाडीनं येऊन दारात काठी आपटून उभा राहिला होता. "मही बहीन हितंच ऱ्हाईल," म्हणाला होता. गावात त्याचं नाव झालं. बायनाबाईच्या ओव्यांत तर देवाच्या आधी त्याचं नाव यायचं.

मनकर्णाचं दुसरं बाळंतपण अवघड गेलं. पाथरीच्या दवाखान्यात तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. थोरली कावेरी नऊ वर्षांची. तिला कोण बघणार, म्हणून मुंजाजीनं, मनकर्णाच्या नवऱ्यानं, लेकीला गोदाकाठी आजीकडं नेऊन सोडलं. मनकर्णाला ताप होता. तापातही तिनं नवऱ्याचा हात धरून निरोप दिला होता, "मायला सांगा, पोरीला तिच्यापून हलवू नको म्हनावं. कुटंच धाडू नको म्हनावं." मुंजाजीनं निरोप पोचवला. बायनाबाई "बरं" म्हणाली.

पोर परत आली ती ऐन चैतात. अंगण तव्यासारखं तापलेलं. मनकर्णा तिला न्हाऊ घालायला बसली आणि बघते तर पोरीनं एकावर एक दोन परकर घातलेले.

"काढ गं ते वरचं. उकडायलंय किती."

"असू दे."

"दोन काहून घातलेस?"

कावेरीनं नाडीची गाठ तेवढी मुठीत धरली.

मनकर्णाच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. ती गाठ तिच्या ओळखीची होती. सुटू नये म्हणून नाडीला पाणी लावून मारलेली. तिच्या लहानपणी तिचे परकर माय धुवायची आणि हसून म्हणायची, "असल्या गाठी मारतीस, दातानं सोडाव्या लागतेत गं बाई."

"आज्जीपाशीच व्हतीस ना?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"मामाआज्यानं नेलं व्हतं. पूर्णंला. आगगाडी दावायला."

"आज्जीनं काय म्हनलं?"

"आज्जी म्हनली, जा."

मनकर्णानं परकरासकट पोरीला न्हाऊ घातलं. ओल्या परकरांवरून ऊन ऊन पाणी ओतत राहिली, आणि दोघींच्या अंगावरून ते एकसारखं वाहत राहिलं.

मुंजाजीला कळलं तेव्हा तो गोठ्यात गेला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. मनकर्णा उंबऱ्यात आडवी झाली.

"सरक."

"तुमी त्याला तोडसाल, आन् तुमाला नेतील. मंग गाव काय म्हनंल? दोघांत भांडन झालं, म्हनंल. लेकराचं कोनी बोलनारच न्हाई. मला बोलायचंय."

"कोनाला बोलतीस? पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

"माहं झालंच की," मनकर्णा म्हणाली.

मुंजाजीला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारी खाली बसला. मग त्यानं बैलाला पाणी दाखवलं आणि टोपी घातली.

"चल. आदी तुझ्या मायकडं जाऊ."

बायनाबाई तुरीचा भरडा काढत होती. लेकीनं सगळं सांगितलं. स्वतःचं नाही, फक्त कावेरीचं. बायनाबाईनं ऐकलं, पदरानं जात्याची कड पुसली आणि विचारलं, "कोनाला बोललीस?"

मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली. कोणतीही आजी पहिल्यांदा विचारील, पोर कशी हाय. नाहीतर ओरडंल, खोटं हाय म्हणंल. मायनं यातलं काहीच केलं नव्हतं.

"काहून धाडलीस तिला? निरोप दिला व्हता मी."

"लेकरू रडायलं व्हतं तुझ्यासाठी. त्यानं म्हनलं, नेतो, गाडी दावतो. त्याला न्हाई कसं म्हनू? अन्न खाल्लंय त्याचं आपन." मग आवाज उतरवून, "मनू, मुकाट ऱ्हा. पोरीची जात हाय. इसरंल."

मनकर्णा उठली. दारातून बाहेर पडताना तिच्या मागं जातं पुन्हा सुरू झालं.

परभणीच्या स्टँडासमोरच्या भिंतीवर नामांतराच्या घोषणा होत्या. कोणीतरी चुन्यानं पुसलेल्या, कोणीतरी पुन्हा लिहिलेल्या. त्या भिंतीच्या मागच्या गल्लीत हेमा वकिलीणबाईंचं घर होतं. जिल्ह्यात बायका वकील तेव्हा हाताच्या बोटांवर. पोलिसांत तक्रार झाली होती, बन्सीधरला धरून जामिनावर सोडलंही होतं. खटला सरकारचा, चालवणार सरकारी वकील. पण पोरीला आणि तिच्या आईला त्यात तगवून न्यायला कोणीतरी पाहिजे, म्हणून पाथरीच्या डॉक्टरीणबाईंनी हेमाचं नाव सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी हेमानं वकिलासारखं विचारलं. केव्हा, कुठं, घरात कोण होतं, सविस्तर सांगा. मनकर्णा चटईच्या काड्या उपसत बसली. कावेरी भिंतीकडं तोंड करून. हेमानं पेनाला टोपण लावलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पोलिसांनीही असंच विचारलं असेल ना?"

"चारचारदा," मनकर्णा म्हणाली.

पुढच्या खेपेला खोलीचा नूर निराळा होता. खुर्च्या सारलेल्या. दार सताड उघडं, आणि बसायची जागा दाराजवळ, म्हणजे वाटेल तेव्हा उठून जाता यावं. मधोमध सूप, त्यात तांदूळ.

"निवडता का थोडे?" हेमा म्हणाली. "आमची आई म्हणते, बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बोलत नाहीत, मध्ये सूप लागतं. मी काही लिहिणार नाही. तुम्ही थांब म्हणालात की थांबायचं. आणि कावेरीनं कोर्टात जे सांगायचं ते एकदाच सांगेल. तोवर तिला कोणी विचारणार नाही, मीपण नाही."

"मंग तयारी कशी व्हनार?"

"तिला कोर्ट दाखवू. रिकामं. जज कुठं बसतात, पाणी कुठं मिळतं. आणि 'मला समजलं नाही' असं म्हणायची सवय लावू. मोठ्या माणसाला तसं म्हणता येतं, हे लेकरांना कोणी शिकवतच नाही."

कावेरीनं पहिल्यांदा मान वळवली. "जजला बी म्हनता येतं?"

"जजला तर आधी म्हणायचं."

तशी मनकर्णा त्या सुपापाशी येत राहिली. कधी तांदूळ, कधी मूग, कधी नुसता धन्यातला काडीकचरा. खडा हाताला लागावा तसा एखादा शब्द हाताला लागायचा, तो ती बाजूला काढून ठेवायची. हेमा घाई करायची नाही. नेहमी मनकर्णा मामाशी येऊन थांबायची, आणि थांबली की सवयीनं ओवी गुणगुणायची. जोंधळ्याचं पीठ, जात्याभोती पडं गोरं, भावाला वाढाया... इथं तिचा श्वास तुटायचा. मग, काढिते ताट कोरं.

"चाल गोड आहे," हेमा एकदा म्हणाली. "तिथं दम घ्यायचा असतो का, वाढाया म्हटल्यावर?"

"माय घ्यायची तिथं," मनकर्णा म्हणाली. आणि तिचे हात थांबले.

माय दम घ्यायची नाही. मायचा दम लांब होता, दोन ओव्या एका दमात म्हणायची, गावात त्यासाठी तिची ख्याती होती. मग तिथं थांबली कोण? मनकर्णानं सूप खाली ठेवलं. तांदळाचे दाणे चटईवर सांडले.

काळोख. घोंगडं. तिनं माय म्हणून हाक मारलेली. आणि बाहेर, भावाला वाढाया, आणि पुढं काहीच नाही. घरघर नाही. ओवी नाही. सगळं घर गप. तिला तेव्हा वाटलेलं, माय आली. आता दार उघडंल. तिनं दाराकडं बघितलेलं. तेवढी शांतता तिच्या उभ्या जन्मात कधी आली नव्हती. आणि मग दगडावर दगड फिरला. काढिते ताट कोरं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"जातं थांबलं व्हतं," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बाई, जातं थांबलं व्हतं."

हेमानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि दोघी मिळून चटईवरचे दाणे वेचत बसल्या.

मामानं जे केलं ते मनकर्णानं कधीचंच एका गाठोड्यात बांधून ठेवलं होतं. जड होतं, पण बांधलेलं होतं. हे मात्र नवं होतं. त्या दिवसानंतर ती घरात कशालाही टेकायला भ्यायची. दुखावं तर कुठं दुखावं, हेच कळेना. ज्या मायच्या कुशीत तोंड खुपसून ती ते विसरायला शिकली होती, त्या कुशीला ठाऊक होतं. परकराच्या गाठी दातानं सोडताना हसणाऱ्या मायला ठाऊक होतं.

खटला उभा राहिला. एक तारीख बंदमुळं गेली, एसट्या सुटल्याच नाहीत. पुढच्या तारखेला कोर्टाचं दार बंद करून कावेरीची साक्ष झाली. आरोपी तिला दिसू नये म्हणून मध्ये सरकारी वकील उभे राहिले. पोर दोनदा म्हणाली, "मला समजलं न्हाई," आणि जजसाहेबांनी दोन्ही वेळा प्रश्न बदलायला लावला. बाहेर आल्यावर तिनं आईला विचारलं, "आता सपलं ना?" मनकर्णा म्हणाली, "तुझं सपलं."

स्वतःची साक्ष तिनं दुसऱ्या दिवशी दिली. लहानपणचं सांगायचं का नाही, हे हेमानं तिच्यावर सोडलं होतं. तिनं सांगितलं. फक्त जात्याचं सांगितलं नाही. बन्सीधरचे वकील अण्णासाहेब, मुरलेले गृहस्थ, कुणावर आवाज चढवत नसत. त्यांनी तिच्या लग्नाचा फोटो पुढं धरला.

"बाई, नवरीला बोहल्यावर कोण आणतं आपल्याकडं?"

"मामा."

"तुम्हाला कोणी आणलं?"

"मामानं."

"हात धरून?"

"व्हय."

"मग ज्या माणसानं असं केलं म्हणता, त्याच्या हातात हात देऊन सगळ्या गावादेखत चालत आलात? हात सोडवून घेतला नाही?"

मनकर्णानं फोटोतल्या मुलीकडं बघितलं. डोळ्यांपर्यंत मुंडावळ्या. मामाच्या पंजात गेलेली मूठ.

"मामाचा हात सोडवून घ्यायची रीत न्हाई साहेब," ती म्हणाली.

अण्णासाहेबांनी फोटो खाली ठेवला. पण बाहेर त्यांचं म्हणणं पसरलं होतंच. बायनाबाईच्या जमिनीवर लेकीचा डोळा, म्हणून पोरीला पढवलंय. आणि ते खोटं पाडायला मनकर्णाकडं काही नव्हतं. लेकराच्या शब्दावर एका भल्या माणसाला आत घालायचं का, एवढाच प्रश्न उरला होता. त्यावर बचावाची शेवटची साक्षीदार ठरली खुद्द बायनाबाई. ती सांगणार होती की पूर्णेला पोरीबरोबर ती स्वतः होती.

त्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात माय भावाच्या शेजारी बसलेली दिसली. बन्सीधर तिला आपल्या डब्यातली भाजी वाढत होता. "खा अक्का, उशीर व्हईल," असं काहीसं म्हणत होता. त्याचे केस पिकले होते. येणारा जाणारा त्याला रामराम घालत होता.

हेमानं मनकर्णाला बाजूला घेतलं. "सरकारी वकिलांना मी जात्याचं सांगितलं तर ते उलटतपासात विचारतील. पण ते तुमचं आहे. तुम्ही म्हणालात तर."

"आदी तिला बोलू द्या," मनकर्णा म्हणाली. "तिचं तिला. खोटं बोलली तर मंग इचारा. कावेरीसाठी इचारा. पन आदी तिला बोलू द्या."

"आणि खोटं बोलल्या तर?"

"तर मला एकदाचं कळंल."

बायनाबाई हात धुवायला नळावर आली तेव्हा मायलेकी समोरासमोर आल्या. किती तरी दिवसांनी. माय वाळली होती. नळाचं पाणी तिच्या बोटांवरून नुसतंच वाहत होतं.

"मनू, तुझं बाळ कसंय?"

"चालायलंय आता."

"घरी चल म्हनते मी. मिटवून टाकू. त्यो आत गेला तर मला माहेर उरत न्हाई गं. मायबाप न्हाईत, येक त्योच हाय."

"आन् मला व्हतं का माय?" मनकर्णा म्हणाली. "माहेर."

बायनाबाईनं नळ बंद केला. ओले हात पुसायला पदर उचलला, आणि तो तसाच हातात धरून ती आत गेली.

कोर्टाची दारं लावली. जजसाहेबांच्या परवानगीनं मनकर्णा मागच्या बाकावर बसली, शेजारी हेमा. बायनाबाई पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा कठडा तिच्या छातीला आला. तिनं शपथ घेतली. अण्णासाहेबांनी मऊ आवाजात सुरुवात केली.

"बाई, आरोपी तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"तुम्हाला कसं वागवलं त्यांनी?"

"लेकीसारखं," बायनाबाई म्हणाली. बन्सीधरनं मान खाली घातली, चार माणसांत कौतुक झालं की घालतात तशी.

"विधवा झालात तेव्हा कोण धावून आलं?"

"हाच."

"बरं. आता घाबरू नका, जे आहे ते सांगा. पूर्णेला भावाच्या घरी तुम्ही होतात. तिथं असताना पोरीचं रडणं, ओरडणं, असं काही तुमच्या कानावर आलं का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. लिहून घेणाऱ्या कारकुनानं बोटं टाइपरायटरवर ठेवूनही दिली होती. बायनाबाईनं भावाकडं बघितलं, मग मागच्या बाकाकडं. पंखा फिरत होता, त्याची घरघर तेवढी खोलीत होती.

"बाई? ऐकू आलं का?"

"कोन्त्या पोरीचं?" बायनाबाईनं विचारलं.

अण्णासाहेब हसले. "तुमच्या नातीचं. कावेरीचं."

"तिचं मला ठावं न्हाई साहेब. मी पूर्णंला गेलेच न्हवते. मला सांगितलं व्हतं तसं म्हनायला." ती थांबली. बन्सीधर अर्धा उठला, हवालदारानं त्याला खाली बसवलं. "पन हिचं ऐकलं व्हतं. मह्या लेकीचं. लय लहान व्हती. मी दळायले व्हते. आतून माय म्हून हाक मारली तिनं."

अण्णासाहेब काहीतरी म्हणायला गेले. जजसाहेबांनी हात वर केला. मनकर्णाच्या मुठीत हेमाचं मनगट आलं होतं, कधी आलं ते तिला कळलं नाही.

बायनाबाई आता कोणाकडंच बघत नव्हती. कठड्यावर जात्याचा खुंटा धरावा तशी तिची मूठ मिटली होती.

"मी जातं थांबवलं," ती म्हणाली. "हात तसाच ठिवून ऐकलं. समदं समजलं मला. आन् मंग पुन्यांदा फिरवलं. ओवी आवाज वाढवून म्हनली. मला ऐकू येऊ न्हाई म्हून."